स्नान झालेल्याचे पाय: ख्रिस्ती जीवनातील रोजचे शुद्धीकरण कसे करावे

वल्हांडणाच्या आदल्या त्या रात्री प्रभू येशूने भोजनावरून उठून कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुवायला घेतले. पेत्राने आधी साफ नकार दिला, आणि प्रभूने समजावल्यावर तो एकदम दुसऱ्या टोकाला गेला: मग नुसते पायच का, हात आणि डोकेही धू! त्यावर प्रभूने दिलेले उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. ज्याचे स्नान झाले आहे त्याला पायांखेरीज दुसरे काही धुण्याची गरज नाही, तो सर्वांगी शुद्ध आहे.

पेत्राच्या या दोन्ही चुका आजही मंडळीत सर्रास दिसतात. काही जण म्हणतात की ख्रिस्ताच्या रक्ताने आपण एकदाच शुद्ध झालो, आता रोज कबुली कशाला? दुसरे काही जण दररोज रात्री तारणाची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून करतात, आणि दिवस वाईट गेला की देवाने आपल्याला टाकले असे धरून चालतात. पहिल्यांचे पाय धुळीने भरलेलेच राहतात, तर दुसऱ्यांना आपले स्नान झाल्याची खात्रीच वाटत नाही. पुढे सांगितलेला नित्यक्रम ज्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला आहे त्यांच्यासाठी आहे. तो देवाचे मूल होण्याचा मार्ग नाही; मूल झालेल्याने पित्याच्या घरात कसे राहावे, एवढाच त्याचा विषय आहे.

योहानाचे पहिले पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेले आहे आणि त्यातच म्हटले आहे, की आपल्या ठायी पाप नाही असे म्हटल्यास आपण स्वतःला फसवतो, पण आपण आपली पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव विश्वसनीय व न्यायी असल्यामुळे क्षमा करतो आणि सर्व अनीतीपासून शुद्ध करतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांपैकी पहिलाच हा होता, की विश्वासणाऱ्याचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत याजकासमोर पापकबुली देण्याचा संस्कार आहे. तिथल्या वाचकांनी हा नित्यक्रम त्या संस्काराची जागा घेणारा न मानता त्याची रोजची तयारी मानावा.

सुरुवात संध्याकाळी करावी

बहुतेक मार्गदर्शक सकाळपासून सुरू होतात. माझ्या मते संध्याकाळ बरी. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवस “संध्याकाळ झाली व सकाळ झाली” असाच मोजला आहे. शिवाय मागचा दिवस देवापुढे नीट मांडून झोपलेल्या माणसाची सकाळची प्रार्थना मोकळी होते. पंधरा मिनिटे पुरतात. अंथरुणात पडून हे करू नये, कारण तिथे झोप जिंकते. एक खुर्ची, एक ठरलेली वेळ, आणि फोन दुसऱ्या खोलीत, इतकी तयारी करावी.

सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाच्या परीक्षणासाठी पाच पायऱ्यांचा क्रम घालून दिला: आधी उपकारस्तुती, मग आपली पापे ओळखण्यासाठी कृपेची याचना, मग दिवसाची तपासणी, मग क्षमायाचना आणि शेवटी सुधारणेचा निश्चय. आपली मंडळी कोणत्याही परंपरेची असो, हा क्रम उपयोगी पडतो, आणि त्यातही उपकारस्तुती पहिली असणे फार महत्त्वाचे आहे. जो थेट चुकांपासून सुरुवात करतो त्याच्या नजरेसमोर तो स्वतःच उरतो. दिवसभरात देवाने काय दिले हे आधी आठवले की आपण कोणासमोर बसलो आहोत याचे भान येते, आणि ज्याने इतके दिले त्याच्याशी आपण कसे वागलो हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

दुसऱ्या पायरीला एकशे एकोणचाळीसाव्या स्तोत्रातील शेवटची दोन वचने प्रार्थना म्हणून म्हणावीत. त्यांत दावीद देवाला आपली झडती घ्यायला सांगतो. झडती देव घेतो, आपण फक्त दारे उघडायची. हे विसरले की परीक्षणाची चौकशी होते आणि चौकशी करणारेही आपणच असतो. मग कधी आपण स्वतःला सहज सोडून देतो, तर कधी नको तितके झोडपतो.

तपासणी करताना “आजचा दिवस कसा गेला” असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर मनःस्थितीवर ठरते. त्याऐवजी उठल्यापासून क्रमाने जावे: कुठे होतो, कोण समोर होते, काय बोललो, काय लपवले, कोणाला टाळले. न केलेल्या गोष्टीही पाहाव्यात. चांगले काय ते कळत असून जो करत नाही त्याचे ते पाप आहे, असे याकोब चौथ्या अध्यायाच्या शेवटी लिहितो. सज्जन माणसांच्या कबुलीत नेमका हाच भाग बहुधा गळालेला असतो.

नाव घेऊन कबुली द्यावी

सगळ्या नित्यक्रमाचा कणा हा आहे, म्हणून इथे जरा थांबू. आपल्यापैकी बहुतेकांची कबुली अशी असते: “प्रभू, आज माझ्या विचारांत, बोलण्यात, वागण्यात जे काही चुकले असेल त्याची क्षमा कर.” उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायची सामान्य कबुली म्हणून हे योग्यच आहे. एकांतातली कबुली मात्र इतकी मोघम असली की तिच्यात एकही पाप सापडत नाही. तीच प्रार्थना अशी करून पाहावी:

“प्रभू, दुपारच्या बैठकीत सहकाऱ्याने केलेले काम मी माझे म्हणून सांगितले. साहेबांसमोर मला मोठे दिसायचे होते. तो समोर बसला होता, त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली, हे मला दिसले. तरीही मी दुरुस्ती केली नाही. मी खोटे बोललो आणि त्याचे श्रेय चोरले. हे पाप आहे.”

या पाच-सहा वाक्यांत घटना आहे, हेतू आहे, ज्याचे नुकसान झाले तो माणूस आहे आणि पवित्र शास्त्र त्या कृतीला जे नाव देते तेही आहे. चारही गोष्टी आल्या की कबुली पूर्ण झाली; यापेक्षा लांबवण्याची गरज नाही. विशेषतः कामवासनेच्या पापांबाबत नाव घेऊन लगेच पुढे जावे. तपशील उगाळत बसल्यास कबुलीच्या निमित्ताने मन तोच प्रसंग पुन्हा जगून घेते.

कबुलीला जोडून येणारे समर्थन ओळखायला शिकावे. अमालेक्यांचे सर्व काही नष्ट करावे अशी देवाची आज्ञा होती; त्या स्वारीनंतर शमुवेल संदेष्ट्याने विचारले तेव्हा शौल राजाने आधी सांगितले की मेंढरे लोकांनी राखून ठेवली, तीही यज्ञासाठी. पुढे तो “मी पाप केले आहे” असे म्हणाला खरा, पण त्याच दमात वडील जनांसमोर आपला मान राख अशी विनंतीही त्याने केली. दाविदाचा अपराध उघडपणे अधिक घोर होता: त्याने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवले. नाथान संदेष्ट्याने ते तोंडावर सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे,” आणि तिथेच थांबला. रात्रीच्या कबुलीत परिस्थिती, थकवा किंवा समोरच्याचा स्वभाव येऊ लागला की आपण शौलाच्या बाजूला उभे आहोत असे समजावे. थकवा खरा असू शकतो. त्यावर उपाय उद्या करावा, कबुलीत तो घालू नये.

क्षमा स्वीकारावी आणि थांबावे

कबुली संपली की एक अभिवचन मोठ्याने वाचावे. योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे नववे वचन, पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर तितके देव आपले अपराध दूर करतो असे सांगणारे एकशे तिसरे स्तोत्र, किंवा देव पापे समुद्राच्या तळाशी टाकतो असे सांगणारा मीखाचा सातवा अध्याय, यांपैकी कोणतेही चालेल. मग क्षमेबद्दल आभार मानावेत आणि उठावे. दुसऱ्या दिवशी तेच पाप पुन्हा टोचू लागले, तर पुन्हा कबुली न देता झालेल्या क्षमेबद्दल पुन्हा आभार मानावेत.

पवित्र आत्म्याची टोचणी आणि सैतानाचा दोषारोप यांत गल्लत होते. आत्मा एका कृतीवर बोट ठेवतो आणि ख्रिस्ताकडे नेतो. दोषारोप मात्र तू मुळातच निकामी आहेस असे सांगून ख्रिस्तापासून दूर लोटतो. पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात देवाच्या इच्छेनुसार होणारे दुःख आणि जगाचे दुःख असा फरक करतो. एकातून पश्चात्ताप होतो, दुसऱ्यातून मरण येते. प्रभूला अटक झाली त्या एका रात्रीत यहूदाने त्याला धरून दिले आणि पेत्राने त्याला नाकारले, आणि दोघांनाही पस्तावा झाला. पेत्र शिष्यांतच राहिला आणि पुढे किनाऱ्यावर प्रभूला भेटला. यहूदा मुख्य याजकांकडे गेला आणि तिथून एकटाच बाहेर पडला.

माणसांशी हिशेब मिटवावा

देवाकडे दिलेली कबुली माणसाकडे जाण्याची जबाबदारी काढून घेत नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. मोशेच्या नियमशास्त्रात तर फसवून घेतलेली वस्तू पूर्ण भरून देऊन तिच्यावर आणखी एक पंचमांश घालायची आज्ञा होती. जकातदार जक्कयाने स्वतःहून चौपट परत करण्याचे कबूल केले.

वर सांगितलेल्या प्रसंगात दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला काय म्हणावे? “काल बैठकीत मी तुमचे काम माझे म्हणून सांगितले. ते चुकीचे होते, मला क्षमा करा. साहेबांना खरे काय ते मी आज सांगतो.” बस्स. “तुम्हाला वाईट वाटले असेल तर” अशी सुरुवात केली की अपराध आपल्या कृतीतून उचलून समोरच्याच्या हळवेपणावर ठेवला जातो. आणि साहेबांना सांगण्याचे टाळले तर क्षमायाचना अपुरी राहते, कारण खोटे त्यांच्यासमोरच बोलले गेले होते. पाप जितक्या लोकांसमोर झाले तितक्या लोकांपर्यंत दुरुस्ती पोहोचावी. त्यापलीकडे नेऊ नये. एखाद्याबद्दल मनात मत्सर आला आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल, तर ते त्याला जाऊन सांगणे म्हणजे आपले ओझे त्याच्या डोक्यावर ठेवणे होय. ते देवापुढेच मिटवावे.

जुनी, गुंतागुंतीची किंवा दुसऱ्याच्या संसाराला धक्का लावणारी प्रकरणे एकट्याने उकरू नयेत. आधी पाळकांचा किंवा अनुभवी विश्वासणाऱ्याचा सल्ला घ्यावा. कायदा मोडला असेल, तर देवाची क्षमा मिळाली म्हणून कायद्याचे परिणाम टळत नाहीत. याची दुसरी बाजूही आहे. आपल्यावर अन्याय झाला असेल तर क्षमा करण्याची आज्ञा आहे, पण मारहाण किंवा छळ करणाऱ्याच्या हाती स्वतःला पुन्हा सोपवण्याची आज्ञा नाही.

सकाळी वचन आणि समर्पण

मोशेच्या काळी निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, आणि वेदी यांच्यामध्ये पितळेचे गंगाळ असे, आणि सेवेला आत जाण्यापूर्वी याजकांना तिथे हातपाय धुवावे लागत. निर्गमाच्या अडतिसाव्या अध्यायात नोंद आहे, की ते गंगाळ सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या पितळी आरशांचे घडवले होते. याकोब वचनाला आरसा म्हणतो, आणि पौल इफिसकरांस सांगतो की ख्रिस्त मंडळीला वचनाच्या द्वारे जलस्नानाने शुद्ध करतो. वाचन थोडे असावे, दहा-पंधरा वचनांचे, आणि ते पुस्तकाच्या क्रमाने करावे. आवडीची वचने वेचून वाचणाऱ्याला आरसा नेहमी आपल्याच सोयीच्या बाजूने दिसतो. वाचून झाल्यावर दोनच प्रश्न विचारावेत: इथे देवाविषयी काय कळले, आणि आज मी काय करावे किंवा सोडावे? उत्तर एका ओळीत लिहून ठेवावे.

मग रोमकरांस पत्राच्या सहाव्या आणि बाराव्या अध्यायांप्रमाणे आपले अवयव देवाला समर्पण करावेत. हे शब्दशः करता येते. आज डोळे काय पाहणार आहेत, जीभ कोणाशी बोलणार आहे, हात कोणते काम करणार आहेत, हे दिवसाच्या कामांच्या यादीवरून एकेक घेऊन देवाला सांगावे. ज्या भेटीत आपण हमखास चिडतो तिचे नाव घेऊन प्रार्थना करावी.

काढून टाकलेल्याच्या जागी काय?

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील शेवटची वचने हाताशी ठेवावीत, कारण पवित्रतेचा इतका रोखठोक व्यवहार दुसरीकडे क्वचितच सापडतो. पौल नुसते सोडायला सांगत नाही. खोटे सोडून शेजाऱ्याशी खरे बोला. चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, उलट स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, तेही गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावे म्हणून. तोंडातून कुजके भाषण निघू नये, तर ऐकणाऱ्याची उन्नती होईल असेच निघावे. कटुत्व आणि संताप टाकून एकमेकांना क्षमा करावी. म्हणजे चोराचे परिवर्तन चोरी थांबल्यावर पुरे होत नाही. तो दाता होतो तेव्हा होते.

म्हणून रात्री निश्चय करताना “यापुढे निंदा करणार नाही” एवढ्यावर थांबू नये. ज्याची निंदा केली त्याच्याबद्दल उद्या त्याच मंडळींसमोर एक खरी, चांगली गोष्ट सांगायचे ठरवावे. रात्री उशिरापर्यंत फोनवर नको ते पाहिले जात असेल, तर फोन दहा वाजता कुठे ठेवायचा हे जसे ठरवायचे तसेच त्या वेळी काय करायचे हेही ठरवावे. झाडून-पुसून रिकामे ठेवलेल्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परततो, हा प्रभूचा दाखला याच प्रकारच्या सुधारणेला लागू पडतो.

दिवसभरात

इथे थोडक्यात सांगता येते. याकोब मोहाची वाटचाल क्रमाने दाखवतो: वासना ओढते, गर्भ धरते, पापाला जन्म देते, पाप मरण उपजवते. विचार मनात येणे हे पाप नव्हे. त्याला बसायला जागा देण्यापासून गोष्ट सुरू होते. म्हणून विचार येताच “प्रभू येशू, मला सांभाळ” एवढी लहान प्रार्थना करून लक्ष हाती असलेल्या कामाकडे वळवावे. काही मोहांशी वाद घालायचाच नसतो. पोटीफराच्या बायकोने गळ घातली तेव्हा योसेफ झगा तिथेच टाकून पळाला.

चौथ्या शतकात वाळवंटात राहणारे संन्यासी इवाग्रियस यांनी माणसाला छळणारे आठ विचार नोंदवले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, आत्मिक कंटाळा, पोकळ कीर्ती आणि गर्व. शेवटचे दोन शेवटी आहेत हे ध्यानात घ्यावे. पहिल्या सहांवर थोडा विजय मिळाला की ते दोघे हजर होतात.

एकच मूळ धरावे, आणि एक सोबती

सगळ्या दुर्गुणांवर एकदम चाल करू नये. वारंवार वर येणारे एक पाप निवडून काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे. लोयोला यांच्या पद्धतीत प्रत्येक दिवसाला दोन ओळी असतात. दुपारी आणि रात्री, तोवर जितक्यांदा त्या पापात पडलो तितके ठिपके त्या त्या ओळीवर मांडायचे आणि दिवसामागून दिवस ताडून पाहायचे. वहीत पापाचे नाव लिहायची गरज नाही, ठिपके पुरेत. त्यांवरून वेळ आणि निमित्त दिसू लागते: उपाशीपोटी, थकल्यावर, किंवा ठरावीक माणसाशी बोलून आल्यावर.

ठिपके कमीच होत नसतील तर दुसऱ्या माणसाची गरज आहे. आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, ही याकोबाच्या पाचव्या अध्यायातील आज्ञा बहुतेक मंडळ्यांत कागदावरच राहिली आहे. मेथोडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये आपल्या लहान गटांसाठी नियम केले, त्यांत आठवड्यातून एकदा भेटून मागच्या भेटीनंतर कोणती पापे घडली हे विचारले जाई. सोबती पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री असा, पोक्त आणि तोंडाचा पक्का असावा. त्याने उपदेशापेक्षा क्षमेचे वचन ऐकवावे आणि पुढच्या आठवड्यात त्याच गोष्टीबद्दल पुन्हा विचारावे. दारू, जुगार किंवा अश्लील चित्रांचे व्यसन जडले असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टर व समुपदेशकाची मदत घ्यावी. त्यात अविश्वास नाही.

दोन विकृती

पहिली प्रभूच्या दाखल्यातल्या परुश्याची, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूद्याची. तो मंदिरात उपकारस्तुतीपासूनच सुरुवात करतो, पण आभार मानतो ते आपण इतरांसारखे नाही म्हणून. नित्यक्रम सुरू केल्यावर घरच्यांचे दोष अधिक ठळक दिसू लागले, तर नित्यक्रम कुठेतरी बिनसला आहे.

दुसरी विकृती हळव्या विवेकबुद्धीच्या माणसांची. त्यांना प्रत्येक विचारात पाप दिसते आणि कबुली कधी पुरतच नाही. अशांनी परीक्षण वाढवू नये, कमी करावे: घड्याळ लावून पाच मिनिटे, फक्त उघड आणि जाणूनबुजून केलेली पापे, आणि बाकीचा वेळ स्तुतीला. काय पाप आणि काय नाही, हे काही काळ पाळकांच्या निर्णयावर सोडावे. तीच कबुली दिवसातून अनेकदा देण्याची सक्ती मनाला जाणवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.

पौलाने करिंथकरांना प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण करायला सांगितले, तेव्हा त्याने परीक्षण करावे आणि मग भाकर खावी असे लिहिले. परीक्षण करून दूर राहावे असे लिहिले नाही. ज्या आठवड्यात पापाची लाज अधिक वाटते त्या आठवड्यात मेजावर जाणे टाळू नये. कोणाशी समेट बाकी असेल तर तो शनिवारपर्यंत करावा आणि रविवारी जावे.

नित्यक्रमात खंड पडतोच. प्रवास येतो, आजारपण येते, कधी नुसता आळस येतो. अशा वेळी राहिलेल्या दिवसांची थकबाकी भरून काढण्याच्या भानगडीत पडू नये. त्या दिवसांत कोणा माणसाचे काही बिघडवले असेल तर तेवढे आधी मिटवावे, बाकीचे सगळे एका वाक्यात प्रभूच्या हाती द्यावे, आणि त्याच संध्याकाळी खुर्चीत बसून आजच्या दिवसाच्या उपकारस्तुतीपासून सुरुवात करावी.